मागची सीट

पहिले आठ दिवस गाडी हललीच नाही.
इंदिरानगरात, पार्किंगमध्ये, कदंबाखाली
मी मागच्या सीटवर पेपर वाचत बसायचे
आणि खारीक बाहेर, चाकापासून चार हात लांब,
शेपूट पोटाशी घालून
माझ्याकडे बघत राहायची.
खालचे खैरनार रोज विचारायचे, "बॅटरी उतरली का हो?"
मी म्हणायचे, "नाही. भीती उतरवतेय."

नवव्या दिवशी तिनं पुढचे दोन पाय आत ठेवले.
त्या दोन पायांना मी शेंगदाण्याएवढं पनीर दिलं.
मागच्या दोन पायांनी त्यावर विचार करायला
आणखी तीन दिवस घेतले.

डॉक्टर बोरस्ते म्हणाले:
निघण्याआधी तीन-चार तास जेवण नको, पाणी चालेल.
पट्टा गळ्याला नाही, छातीला,
आणि तो सीटबेल्टला अडकवायचा,
ब्रेक लागला तर गळा आवळायला नको.
खिडकी चार बोटं. मुंडकं बाहेर नाही,
दिसतं छान, पण डोळ्यात खडा गेला की माझ्याकडेच येता.
आणि उन्हात, बंद गाडीत, दोन मिनिटंसुद्धा...
इथे त्यांनी चष्मा काढून पुसला
आणि वाक्य तसंच सोडलं.

मी सगळं गॅसच्या पावतीमागे लिहून घेतलं.
एक गोष्ट मात्र डॉक्टरांना ठाऊक नव्हती.
ती मला पेरूवालीनं सांगितली होती,
त्र्यंबक रोडला, अंजनेरीच्या अलीकडे,
जिथून मी खारीकला उचलून आणलं:
"पांढरी गाडी होती ताई. दार उघडलं.
ही उतरली शेपूट हलवत, फिरायला आलोय वाटलं असंल.
दार लागलं.
पार त्या वळणापर्यंत पळाली हो.
मग रोज इथंच बसायची.
पांढरी गाडी दिसली की उभी राहायची."

माझी गाडीही पांढरीच.

रंग बदलावा म्हटलं, खर्च ऐकून गप्प बसले.
मग दुसरंच शिकवायला घेतलं:
दार उघडलं की आधी मी उतरायचं.
घरासमोरच, इंजिन बंद.
दार लावा, दार उघडा, मी खाली, मग ती,
मग दोघी पुन्हा आत.
खैरनार गॅलरीतून बघायचे,
आता काही विचारत नव्हते.

मग कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत.
मग राणेनगर.
बोगद्याशी ती ओकली, आणि मान फिरवून बसली
पाहुण्यांच्या घरी कप फुटल्यासारखी.
सतरंजी मी नुसत्या पाण्यानं धुतली,
तिचा वास तिला परत मिळावा म्हणून.

मलाही द्वारका चौकाची भीती वाटते,
हे इथंच सांगून टाकते.
बावन्नाव्या वर्षी शिकलेय गाडी.
मागून ट्रकनं हॉर्न दिला की
माझंही शेपूट पोटाशी जातं.
म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला जायचो,
चौक अर्धवट झोपेत असताना.
वळायच्या आधी मी सांगायचे, "वळतोय हं,"
आणि वळायचे अशी,
जणू मांडीवर काठोकाठ ताकाचं पातेलं आहे.

परवा त्र्यंबक रोडला गेलो.
अंजनेरीच्या अलीकडे ती उठून उभी राहिली,
पट्टा ताणला गेला.
मी कडेला थांबले. दार उघडलं.
आधी मी उतरले.
ती उतरली नाही.
नाक तेवढं बाहेर काढलं, हवा वाचली,
वळणाकडे एकदा, माझ्याकडे दोनदा पाहिलं
आणि सतरंजीवर खाली बसली.
पेरूवाली म्हणाली, "जाड झाली की!"
मी अर्धा किलो पेरू घेतले, वाटीभर पाणी पाजलं तिला,
आणि दार लावलं, आम्ही दोघी आत असताना.

सातपूरच्या सिग्नलला आरशात बघितलं:
कुशीवर झोपलेली, चारही पाय पळत होते,
कुणाच्या मागे कोण जाणे.
हिरवा लागला.
मागच्यानं हॉर्न दिला.
दिला तर दिला.