चौदावी चौकट

बाण थिजला तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते,
नारिनमध्ये उणे सत्तावीस,
आणि आठवी-ब चे गुण बाराच्या आत भरायचे होते.

आधी मी बोटाला दोष दिला.
दिवसभर खडू, मग कोळसा, मग गार पाणी;
माझ्या तर्जनीला आता ठसाच उरलेला नाही,
बँकेतलं यंत्रसुद्धा दोनदा विचारतं, तूच ना ती?
फुंकर घातली, लोणी चोळलं, पुसून काढलं,
आणि टचपॅडवर बोट फिरवलं,
झोपलेल्या मांजराच्या कपाळावरून फिरवावं तसं.
मांजर उठलं नाही.

मग लॅपटॉप बंद केला, चालू केला.
बंद करून पन्नासपर्यंत मोजलं, चालू केला.
वरच्या रांगेत एक कळ आहे, तिच्यावर काट मारलेली इवली पाटी.
ती दाबली. पडद्यावर अक्षरं आली: टचपॅड सुरू.
सुरू म्हणे!
शाळेतल्या हीटरबद्दल आमचे मुख्याध्यापक
हेच म्हणतात, कोट न काढता.

शेजारच्या उमसुनायकडून माऊस आणला.
पोटात लाल दिवा, शेपटीला दोन गाठी.
टेबलावरच्या चकचकीत मेणकापडावर तो ठार आंधळा.
वैतागून खाली ठेवला, शिरदाकवर,
नणंदेने लग्नात दिलेल्या लोकरी जाजमावर,
तर चालला की!
मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीवरून तो धावायचा
आणि वर पडद्यावर बाण.
मी गुडघे टेकून, ढुंगण वर करून, सात नावं भरली.
मग गाठीतली तार तुटली.

उरली टॅब.
टॅबला उडी मारता येत नाही.
ती शिरगणतीच्या बाईसारखी दारोदार जाते,
प्रत्येक चौकटीपुढे उभी राहते,
निळी कड पेटवते, आणि थांबते.
आठवी चौकट, चार. नववी, पाच.
तेरावी, चार (कुणाच्या वहीतून, ते मला माहीत आहे).
चौदावी. बैतिक.

माऊस हातात असला की मी इथून नेहमी पुढे निसटते.
फळ्याजवळ बोलावलं की तो येतो, उभा राहतो,
खडू धरतो, आणि बस्स.
ऑक्टोबरपासून असंच.
मी दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा आवाज चढवून,
मग खाली बसवते. पुन्हा उठवते.
बंद केला, चालू केला.
निळी कड लुकलुकत होती.
मी 'दोन' दाबला. खोडला.
पुन्हा दाबला.
बाहेर कुणीतरी गाडीचं इंजिन तापवत होतं, ते पेटेना.
खोडला.
पंधरावी ते सव्विसावी भरून पान धाडून दिलं,
बाराला चार मिनिटं कमी होती.

सकाळी बाजारातल्या आपल्या कंटेनरमध्ये
मेलिसने लॅपटॉप उताणा केला.
दहा स्क्रू चहाच्या बशीत टाकले, झाकण उचललं, हसला.
"बाई, पॅड धडधाकट आहे. ही बॅटरी बघा."
कढईतल्या बोरसोकसारखी टम्म फुगलेली.
"ही खालून रेटतेय. त्याला दबायला जागाच नाही,
आणि तुम्ही वरून बोटं घासताय."
चिमूट घ्यावी तशी अलगद त्याने ती काढली,
वाळूच्या बादलीत ठेवली, बादली बाहेर बर्फात.
दोन हजार सोम. उधारी बंद.

आता बोट लावायचा अवकाश, बाण सुसाट पळतो.

दुपारी मुख्याध्यापकांचा फोन:
चौदाव्या ओळीत काय बिघाड आहे?
म्हटलं, वरून कळत नाही. शनिवारी जाऊन येते.
कुठे?
नदीपलीकडे राहतात म्हणे, जुन्या गिरणीच्या मागे.
तीन वर्षं शिकवतेय.
दार कुठल्या रंगाचं, ठाऊक नाही.