किंगमनमध्ये, जनरेटर ऐकताना

दुकानामागच्या डांबरावर चार जनरेटर
दाखवायला बसवल्यासारखे ओळीनं.
लॉयड एकेकाची दोरी ओढतो.
ॲरिझोना, सकाळचे साडेनऊ, सावलीत अडतीस.

"साडेतेरा हजार बीटीयू," हे खिशातला कागद उलगडून वाचतात.
कागदावर सगळं मांडलंय : एसी चालताना किती वॉट खाईल,
उठताना किती, टाकी किती तास पुरेल,
दर हजार फूट चढलं की ताकद किती उतरेल.
(परवा फ्लॅगस्टाफ, सात हजार फूट.
तिथल्या गारव्यात एसी कशाला, हे मी विचारलं नाही.)
आवाजाचा रकाना तेवढा कोरा ठेवलाय.
तो तुझा, म्हणाले.

कारण ह्यांना सगळेच जनरेटर शांत.
इचलकरंजीत सोळा मागांच्या भिंतीला लागून ह्यांची खाट.
धोटा इकडून तिकडे आदळायचा, हे घोरायचे.
वीज गेली की अख्खी गल्ली दचकून जागी.
उजवा कान तिथंच राहिला,
डावा मिशिगनच्या प्रेस शॉपनं नेला, हप्त्याहप्त्यानं,
घराच्या कर्जासारखा.

काल रात्री वाळवंटात
उसना आणलेला जनरेटर दळत होता
तेव्हा शेजारच्या गाडीतली डोरीन बॅटरी घेऊन आली.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिनं मक्याच्या पावाची ताटली पुढं केली, म्हणाली,
मार्चमध्ये माझा नवरा गेला.
मी इथं काहीही ऐकू येऊ नये म्हणून आलेय.
ह्यांनी हसून "थँक यू, थँक यू" म्हटलं
आणि पाव घेतला.

तर आता मी ऐकते.
लालवाला सुरू झाला तशी लॉयडची कुत्री उठून आत गेली,
पुढं ऐकायची गरजच नव्हती.
दुसरा बरा, पण मध्येच घसा खाकरतो.
निळ्याला लॉयड हीटर जोडून ओझं देतो.
तो थोडा वाकतो, सावरतो,
आणि त्याच्यावरून मला रस्त्यापलीकडची पताका
फडफडताना ऐकू येते.
चौथा त्याहून हळू. किंमत ऐकून
मी त्याच्याकडं परत पाहिलं नाही.

"बावन्न डेसिबल," लॉयड निळ्यावर थाप मारतो,
"पाव ताकदीवर." पूर्ण ताकदीचं तो बोलत नाही,
मी विचारते, मग बोलतो.
आणि ही एक डबी, एसीला लावायची,
म्हणजे तो एकदम झटक्यात उठत नाही.
सासूबाई सांगायच्या तसं :
आधी कुशीवर वळावं, मग बसावं, मग पाय खाली.
मी डबीसुद्धा घेतली.

हे निळ्यावर तळहात ठेवून उभे.
"ह्यो चालू हाय?"
हो, मी मान हलवली.
"आयला," म्हणाले, आणि हात काढला नाही.

रात्री वाऱ्याची दिशा बघून
वीस पावलांवर, धूर आमच्याकडं येणार नाही
आणि डोरीनकडंही नाही, असा तो ठेवला.
वायर वाळूत पसरली. खिडक्या लावल्या.
एसी कुशीवर वळला, बसला, उठला.
हे ताटलीतला उरलेला पाव खाऊन झोपले.

नियम दहाचा. दहाला मी चप्पल घालून गेले,
बटण दाबलं.
फार काही बदललं नाही. दूर एक कोल्हा होताच,
तो जरा जवळ आल्यासारखा.

परत आले तर हे अंथरुणात उठून बसलेले,
अंधारात डोळे उघडे, तळहात भिंतीला.
"लाइट गेली व्हय?"

नाही हो, दहा वाजले, मी म्हटलं.
ते ह्यांना ऐकू आलं नसणार.
हात तसाच भिंतीवर, यायची वाट बघत.