तारीख

रिमिनीहून बस सव्वानऊला सुटते.
समुद्र मागे पडतो, पण पाठ सोडत नाही;
कधी डाव्या खिडकीत येऊन बसतो, कधी उजव्या.
एका निळ्या पाटीखाली देश बदलतो.
ना नाका, ना शिपाई.
ड्रायव्हर फक्त गिअर टाकतो.

शेजारी नेव्हिओ. वय सत्त्याऐंशी, इस्त्रीचा शर्ट,
मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
"एका दिवसासाठी?" त्यांनी विचारलं.
"हो. आणि तुम्ही?"
"मी राहिलोय इथं. दोन महिने.
रेल्वेच्या बोगद्यात."

वर तीन शिखरांवर तीन बुरूज,
दुकानांत अत्तरं, लाकडी तलवारी,
आणि देश एवढा,
की उंबऱ्यात उभं राहून सकाळी झाडून काढावा.
दोन कारभारी असतात, सहा महिन्यांनी बदलतात,
म्हणजे खुर्ची गरम व्हायच्या आत
उठायची वेळ होते.

चढावर नेव्हिओ थांबत थांबत बोलत होते.
खाली बॉम्ब पडत होते, आणि त्यांचं अख्खं शहर
या डोंगराच्या पोटात शिरलं होतं.
मेंढ्या, शिवणयंत्रं, एक पियानोसुद्धा.
तिथंच, रुळांवर अंथरलेल्या गवतावर
सेत्तिमिया जन्मली. सातवी.
नंतर कागदोपत्री रिमिनीची झाली.
पण भांडी घासायची वेळ आली
की जन्मभर म्हणायची:
"मी परदेशी पाहुणी आहे, मला काम सांगू नका."

पर्यटन कार्यालयात पाच युरोला शिक्का मिळतो.
खरं तर कुणालाच लागत नाही तो; हौसेचा.
माझा झाला. मग नेव्हिओंनी डबा उघडला
आणि एक पासपोर्ट काचेखालून सरकवला,
कोपरा कापलेला, रद्द.
खिडकीतल्या मिरेलाने फोटो पाहिला,
मग त्यांच्याकडे.
"या बाई कुठे आहेत?"
"मार्चमध्ये गेली."
"रद्द पासपोर्टवर देता येत नाही."
"जन्म इथलाच आहे."
मागे जपानी जोडपं, शाळेची सहल, चुळबुळ.
मिरेलाने शिक्क्याची चाकं फिरवली.
"चव्वेचाळीस सालापर्यंत मागे जात नाही हो हे."
"आजची चालेल," नेव्हिओ म्हणाले,
"तिला उशीर करायची सवयच होती."

ठप्प.
पाच युरो त्यांनी सुटे मोजून दिले,
आणि पावती मागितली.

बुरूज बघायला ते आलेच नाहीत.
बस थांब्याच्या कठड्यावर बसून राहिले,
समुद्राकडे पाठ करून.

उतरताना निळी पाटी पुन्हा आली.
एक ट्रॅक्टर आडवा, म्हणून बस थांबली तेवढी.
नेव्हिओंनी पासपोर्ट पान उघडून हातात धरला.
कुणी मागायला आलं नाही.
तरी मिटला नाही त्यांनी;
शाई ओली असेल, म्हणाले.

मग डबा माझ्यापुढे केला.
बिस्किटं तळाशी होती, बडीशेपेची.
जराशी मऊ पडलेली.