पहिली वेलांटी

चोपड्याच्या जिनिंगची लांब भिंत, एप्रिलचं ऊन,
मी शिडीवर, डब्यात गेरू,
ओळ अर्धी झालेली: निष्क्रीय आमदार
आणि खाली जीप थांबली. त्याचीच.

हिरामण अप्पा. आधी अडावदला मास्तर होता.
चष्मा कपाळावर सारून वाचत राहिला
स्वतःविरुद्धची ओळ, वही तपासावी तशी.
म्हणाला, "भो, वेलांटी चुकनी तुनी. क्रि पहिली."
मग शिडी धरून उभा राहिला
मी पुसून नीट करेपर्यंत.
एक पाय डुगडुगत होता तिचा.

सत्तावीस वर्षं आमच्या पक्षात मी.
आमचे साहेब भिंत फुटांत मोजतात,
अक्षर कोणी वाचलं नाही.

मत त्याला दिलं नाही. तेव्हाही, नंतरही.
अनेरच्या पाटाचं त्याचं चुकलंच,
केळीच्या विम्याचंही. आजही भांडून सांगतो,
चहाच्या टपरीवर, आवाज चढवून.
पण कोणी त्याला चोर म्हटलं
की माझा कप खाली ठेवला जातो.

अकराशे मतांनी पडला.
गुलाल माझ्याही कानात होता.
मिरवणूक मुद्दाम त्याच्या दारावरून नेली आम्ही;
तो माठ घेऊन ओट्यावर आला,
आमच्याच पोरांना पाणी पाजत सुटला.
माझ्यापाशी येऊन थांबला.
मला वाटलं, आता काढेल सगळं.
"त्या शिडीचा पाय बसवला का रे?"

नव्हता बसवला.
अजूनही नाही.
चढताना एकदा खाली बघतो.