अकरा घरं

अप्पांच्या आलेखात सुंदरीची कंबर अकरा घरांची.
बारावं घर कधीच नाही.
डोळे कमळाचे, नाक चाफेकळी,
ओठ तोंडल्याचे, मांड्या केळीचे खांब.
एवढी फळाफुलांची बाई
भूक लागली की स्वतःलाच खात असेल,
असं मला लहानपणी वाटायचं.

चाळीस वर्षं तीच विणली गेली पूर्व भागातल्या मागांवर,
तीच टांगली गेली कुठल्या कुठल्या दिवाणखान्यांत,
कमरेवर घडा घेऊन.
घडा रिकामाच. मी मोजलंय,
पाण्यासाठी एकही निळा दोरा नाही.

अप्पांचे डोळे गेले, आलेख माझ्याकडे आले.
जेकार्डला सुंदर-बिंदर कळत नाही.
पट्टीत भोक असलं की दोरा वर,
नसलं की खाली.
तेव्हा रूप कुठून येतं
ते भोकं पाडणारीलाच विचारायचं.

मी समोरच्या नरसम्माला बसवलं.
बसवलं कसलं, ती बसलेलीच असते.
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, कात्री,
बोटाला पत्र्याची नखी,
दिवसाला हजार विड्या, छाट जाऊन उरतील त्या.
कंबर भरली एकोणतीस घरं.
पाठीचा बाक कागदात मावेना,
दुसरा कागद जोडला.

"कोंचम सन्नगा कर ना गं," ती म्हणाली,
"अप्पा करायचे तशी बारीक. कुणाला कळतंय?"
मी रबर उचललं. खरंच उचललं.
मग तिच्या सुपाची रुंदी मोजली.
अकरा घरांच्या बाईच्या मांडीवर ते ठरत नाही,
कलंडतं, तंबाखू सांडते.
एवढंच सांगितलं. तिला पटलं.

मालकांना नाही पटलं.
विडीवाली भिंतीवर कोण लावणार, म्हणाले.
एक नग विणू द्या, म्हटलं,
टॉवेलच्या उरल्या सुतात,
पैसे पगारातून कापा.
कापले.

नरसम्माने कापड हातात घेतलं
आणि आधी उलटं केलं.
विणकराची लेक.
मागचे लोंबते दोरे, गाठी,
नखीने एकेक चाचपत गेली.
"छाट नाही," म्हणाली.
मग सरळ बाजू.
बराच वेळ.
शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या.

"कुंकू मात्र लहान काढलंस."