अकरा महिन्यांचा करार

बॅलार्ड पिअरच्या तिसऱ्या मजल्यावर
क्रीडा विभाग म्हणजे मी, एक लोखंडी कपाट,
आणि चषकांवरची धूळ पुसायला
आठवड्यातून एकदा येणाऱ्या शेवंताबाई.
मार्च सरत आला की वरून विचारणा होते :
कोण ठेवायचा, कोण सोडायचा,
उद्या दुपारपर्यंत कळवा.
करार अकरा महिन्यांचा.
बारावा महिना कुणाच्याच नावावर नसतो.

विनीत मोकल, वडखळचा, चढाईपटू,
वय सत्तावीस, उजवा गुडघा.
गुडघ्याची फिल्म मी खिडकीच्या काचेवर धरली.
मागची गोदीतली क्रेन दिसली,
आत काय फाटलंय ते दिसलं नाही.
डॉक्टर म्हणाले, टिकेल.
किती?
म्हणाले, तुम्ही किती पळवता त्यावर.

दुसरा पोरगा जयसिंगपूरकडचा, एकोणीसचा.
प्रभादेवीच्या मैदानात तिघांच्या पकडीखालून
त्याने हात लांबवून मध्यरेषा शिवली,
तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या जुन्या पंचांचा
चहाचा कप ओठांशीच थांबला.
पण ती एकच रात्र.
आणि त्या रात्री समोरचा डावा कोपरारक्षक
तापाने फणफणत खेळत होता,
हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

साहेबांना आकडे लागतात. देतो.
चढाया, त्यातल्या यशस्वी, बोनस, टक्केवारी
दशांशानंतर दोन घरांपर्यंत.
दशांश चिन्ह दिसलं की माणसाला धीर येतो.

रोहिदास गावंडला सोडला त्या साली
त्याचे आकडे पडले होते.
त्याची बहीण केईएममध्ये होती,
तो रात्री तिथल्या जिन्यात झोपायचा
आणि सकाळी सरावाला यायचा.
जिन्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.
आता तो समोरच्या संघातून येतो,
आमच्या निदान रेषेपलीकडे निवांत हिंडतो,
कुणाला तरी शिवून परत जाताना
माझ्याकडे बघून मान हलवतो.
रागाने नाही. तेच लागतं.

आणि ज्याच्यासाठी मी वरती भांडलो होतो
त्याचा खांदा पहिल्याच सामन्यात निखळला.
त्याचं नाव इथे नको. त्याला दोन मुली आहेत.

मैदानावर हिशेब सरळ असतो :
तिकडचा एक बाद झाला की
इकडचा एक जिवंत होतो,
ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने उठून येतो,
कपाळाची माती न पुसता.
इथे एकाला बाद केला
म्हणून दुसरा जिवंत होईलच, असं काही नाही.
दोघंही जातात कधीकधी.
कधी आपणच जातो, आणि बाकावर बसायलाही
कुणी सांगत नाही.

विनीत म्हणतो, पुण्याची एक कंपनी विचारतेय.
खरंच विचारतेय का, ते मला शोधता आलं नाही.
मी त्याला म्हणालो, वरचे सगळे तुझ्या बाजूने आहेत.
वरच्यांना त्याचं आडनावही नीट येत नाही.
तो उजवीकडे झुकतो, मी डावीकडे सरकतो,
दोघांचाही दम चालू,
आणि दोघांनाही माहीत की हूल आहे.

दोन पत्रं टाइप करून ठेवली आहेत.
एकात "मुदतवाढ", एकात "आभारी आहोत".
सही दोन्हींवर केली,
शाई वाळायला एकच वेळ लागला.

चारला तो आला.
दारातच वाकला, उंबऱ्याला हात लावून
कपाळाला लावला, जुनी सवय,
माझ्या ऑफिसात चढाईला आल्यासारखा.
उठताना त्याने चौकट धरली.

मी ते पाहिलं.
मी पाहिलं, हे त्याने पाहिलं.

चहा सांगू का, मी विचारलं.