फुकटाचं घोडं

आधी जागा करावी लागली.
एक पॉइंट आठ जीबी.
चालू घडामोडींच्या सहा महिन्यांच्या पीडीएफ,
राज्यघटनेची लेक्चरं,
अंगदच्या लग्नातले व्हिडिओ उडवले,
तेव्हा कुठं सदाशिव पेठेतल्या माझ्या कॉटवर
तो तांबडा मुलूख उतरला:
निवडुंग, लाकडी गाव, गुत्त्याच्या दाराची हलती झडप
आणि मी,
छातीवर पत्र्याचा तारा,
कमरेला पिस्तूल.

पीएसआयची जाहिरात अजून निघाली नव्हती.
तिकडं फौजदार व्हायला फॉर्म भरावा लागत नाही.

पहिला घोडा फुकट.
नाव ठेवायलाही पैसे पडत नाहीत,
म्हणून हौसेनं मराठीत लिहिलं.
घोड्याच्या डोक्यावर चार रिकामे चौकोन उमटले.
तेच नाव राहिलं.

कुठंही जा, म्हणतात, सगळं मोकळं आहे.
टेकडीपर्यंत गेलं की घोडा दमतो.
मग चाळीस मिनिटं थांबा
नाहीतर अर्ध्या मिनिटाची जाहिरात बघा.
जाहिरात आमच्याच गल्लीतल्या क्लासची.
यंदा पोस्ट पक्की, फीमध्ये सवलत,
शेवटचे दोन दिवस.
ते दोन दिवस मी मार्चपासून बघतोय.

नदीपलीकडं धुकं आहे.
धुक्याला कुलूप, कुलपाला किंमत,
एकोणऐंशी रुपये, म्हणजे मेसचं एक ताट.
मी ताट निवडतो. दर वेळी नाही.

माळेगावची जत्रा उरकून
अण्णा डोळे दाखवायला आले.
उभं आयुष्य हेडीपणात गेलेलं,
अंगाला अजून घोड्यांचा वास.
डोळ्यांत औषध घातलेलं, बाहुल्या फाकलेल्या,
तरी रात्री कॉटवर माझा मोबाइल
हातभर लांब धरून म्हणाले,
चालव.

चालवला.
"रेवाल नाही ही. दुडकी बी नाही.
जमिनीला पायच लागंनात की रं.
कपाळ दाव."
घोडा फिरवला.
"भोवरा?"
भोवरा नव्हता.
"गळ्याला देवमण?"
गळा कोरा. कुठं गोम नाही, डाग नाही.
"दात?"
तोंड उघडत नाही अण्णा.
"पाणी कधी पाजतोस?"
मी बटणं चाचपली.

"कितीला घेतलंस?"
फुकट.

अण्णा बराच वेळ गप्प.
वरच्या कॉटवरचा तुळशीदास
झोपेत भूगोल बडबडत होता.
"फुकटाचं घोडं मी एकदाच घेतलं," म्हणाले,
"लोह्याच्या बाजारात.
दावं हातात देताना
धनी रडत नव्हता.
तवाच कळाय पायजे होतं."

मग खांद्यावरचा टॉवेल
त्यांनी दोघांच्या हातांवर ओढला,
बाजारात सौदा करतात तसा,
चारचौघांत कुणाला आकडा कळू नये म्हणून.
खोलीत चारचौघं होतेच, सगळे झोपलेले.
टॉवेलखाली माझी चार बोटं दाबली.
जरा वेळ तशीच धरून ठेवली.

लहानपणापासून मला ही भाषा येते.
चार म्हणजे चारशे, चार हजार, चाळीस हजार,
समोर कोणतं जनावर उभं आहे
त्यावर ठरतं.
समोर मी होतो.
पुण्यात येऊन चार वर्षं झाली होती.

उलटा आकडा दाबून
भाव पाडायचा असतो. मला सुचेना.
अण्णांनी टॉवेल झटकला, उशाला घेतला,
भिंतीकडं तोंड करून झोपले.

सकाळी वाकडेवाडीला गाडीत बसवून दिलं.
परत आल्यावर मोबाइल उघडला.
घोडा पुरता ताजा झाला होता,
नदीच्या काठावर, पाण्यात पुढचे दोन पाय,
डोक्यावर चार रिकामे चौकोन.
मान खाली घालत नव्हता.
सगळी बटणं पुन्हा एकेक करून दाबली:
पळ, उडी, गोळी, दुकान.